सर्वर डाऊन नव्हता, पान कोरं होतं

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : सगळ्यालाच ‘सर्वर डाऊन’ म्हणण्याबद्दल

स. न. वि. वि.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, फॉर्मची शेवटची तारीख, सर्वर डाऊन, पालक हैराण. हैराण झाले हे खरंय, त्यातला एक मीच. माझी आत्या साखर पेठेत राहते, तिच्या नातीचा तोच फॉर्म भरायचा होता आणि दुपारी दोन वाजता, बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं सुद्धा नाही, तिचा फोन आला, “अरे पान उघडलंय पण काय दिसंना झालंय बघ, पांढरंफटक आलंय.” आत्याचं शिक्षण सातवी, पण राग मानू नका, तिनं जे सांगितलं ते तुमच्या बातमीपेक्षा जास्त बरोबर होतं. पान उघडलंय आणि दिसत काय नाही. सर्वर डाऊन असता तर पान उघडलंच नसतं की.

मी गेली १४ वर्षं सोलापुरात वेबसाइट आणि अॅप्लिकेशन बनवायचा धंदा करतोय. नवी पेठेत एका जिन्याखाली दहा बाय दहाची खोली, हाताखाली दोन पोरं, आणि गिऱ्हाईक म्हणजे चादर-टॉवेलवाले, एक पतसंस्था, दोन क्लासवाले, एक मंगल कार्यालय. कोऱ्या पानाचे फोन मला लाईट गेल्याच्या फोनइतकेच नेहमीचे आहेत. त्यामुळं पत्र जरा लांबणार, कापायचं असेल तर कापा, फक्त खाली तालुक्यांचा भाग आहे तेवढा ठेवा.

आधी फरक सांगतो. सर्वर खरंच बंद असला की ब्राउझर स्वतःच बोलतो, साइटपर्यंत पोचता येत नाही, कनेक्शनला फार वेळ लागतोय, असं काहीतरी, नाहीतर मग ५०२, ५०३ असा आकडा येतो. कोऱ्या पानाचं तसं नसतं. तिथं सर्वर जागा असतो, तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं, त्यानं उत्तर पण पाठवलेलं असतं आणि त्या उत्तरात काहीच नसतं, किंवा जे असतं ते तुमच्या ब्राउझरला दाखवता येत नसतं. दारावर थाप मारली, माणसानं दार उघडलं आणि नुसता बघत उभा राहिला, तर घराला कुलूप होतं असं सांगत आपण परत येत नाही ना.

आता माझीच एक फजिती. २०१९ ची गोष्ट, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला मी ऑर्डर आणि चलनाचं अॅप्लिकेशन करून दिलं होतं, कोडइग्नायटर नावाच्या फ्रेमवर्कमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, लॉगिन, डेटाबेस, फॉर्म हे सगळं प्रत्येक वेळी पहिल्यापासून लिहायला लागू नये म्हणून. तर सोमवारी सकाळी मालकांचा फोन, पान कोरं. मी म्हणालो काय दिसतंय नक्की, तर ते म्हणाले ५०० लिहिलंय, आणि मागनं त्यांचा क्लार्क ओरडतोय काय नाही लिहिलेलं मालक, नुसतं पांढरं आहे. दोघंही खरं बोलत होते. मालकांच्या मोबाईलवर क्रोम, तो ५०० चं, म्हणजे सर्वरच्या आतच चूक झाल्याचं, रिकामं उत्तर आलं की स्वतःचं करडं पान दाखवतो, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स, त्यानं जे आलं ते दाखवलं, म्हणजे काहीच नाही.

मी काय केलं? सगळे करतात तेच. कॅश क्लिअर करा, म्हणजे ब्राउझरनं जपून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसा म्हणालो. मग राऊटर बंद-चालू करायला लावला, राऊटरचा काय संबंध होता देव जाणे. मग स्कूटर काढून तिथं गेलो आणि लॅपटॉपवरनं सगळ्या फाइली परत अपलोड करत बसलो, दोन तास गेले, गेटवर ट्रक उभा, चलन निघेना, ड्रायव्हर तिसरा चहा पितोय. त्यांच्याकडे एक म्हातारे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, आधी मिलमध्ये आणि मग यंत्रमागावर उभा जन्म गेलेला माणूस. माग थांबला की ते मोटरकडं जात नाहीत, आधी कापडावर वाकून बघतात. माझ्या मागं येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “धागा कुठं तुटलाय ते बघितलास का आधी, का नुसतंच मागाला हाणायलास?”

नव्हतं बघितलं. होस्टिंगच्या, म्हणजे सर्वरवर जागा भाड्यानं देणाऱ्यांच्या, कंट्रोल पॅनेलमध्ये एरर लॉग नावाची एक फाइल असते, झालेल्या चुकांची डायरी, ती उघडली, ती रिकामी. इथं बरेचजण हात टेकतात, मी पण टेकलेच होते. पण कोडइग्नायटर ३ ची एक खोड आहे, एरर आली की तो स्वतःच मध्ये पकडतो, त्यामुळं ती पीएचपीच्या (ज्या भाषेत हे सगळं लिहिलेलं असतं तिच्या) लॉगपर्यंत पोचतच नाही, आणि त्याचा स्वतःचा लॉग लिहायचा की नाही हे कॉन्फिग फाइलमधल्या लॉग थ्रेशोल्ड नावाच्या आकड्यावर ठरतं. तो आकडा मुळात ० असतो. म्हणजे चोर पकडला, डायरीत लिहिला नाही आणि सोडून दिला. मी ० चं १ केलं, पान एकदा रिफ्रेश केलं आणि लॉगच्या फोल्डरमध्ये त्या तारखेची फाइल तयार झाली. आत एकच ओळ, डेटाबेसला जोडणारं मायएसक्यूएल कनेक्ट नावाचं फंक्शनच अस्तित्वात नाही.

मग ट्यूब पेटली. आधीच्या वर्षी डिसेंबरात, म्हणजे २०१८ च्या शेवटाला, पीएचपी ५.६ चा सपोर्ट संपला होता, होस्टिंगवाल्यांनी रविवारी रात्री सगळ्यांना ७ वर नेलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७ मधनं ही जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं काढूनच टाकलेली आहेत. तसा मेल पण आला होता मला, न वाचलेल्यात पडलेला. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये ड्रायव्हरचं नाव मायएसक्यूएल होतं, त्याच्या शेवटी एक आय जोडून मायएसक्यूएलआय केलं. एक अक्षर. पान उघडलं, चलन निघालं, ट्रक गेला. मालकांनी चहा पाजला, बिल मी लावलं नाही, लावायला तोंड कुठं होतं.

आता कुणीही विचारेल की एरर येतेय तर ती पानावरच का दाखवत नाही, लपवता कशाला. लपवायलाच पाहिजे. लारावेल नावाचं दुसरं फ्रेमवर्क आहे, त्यात अॅप डीबग नावाची सेटिंग चालू ठेवून साइट लोकांसमोर ठेवली आणि एरर आली तर सर्वरवरचा फाइलींचा रस्ता, कोडच्या ओळी, डेटाबेसला विचारलेला प्रश्न हे सगळं परक्या माणसाला दिसतं, आणि काही जुन्या व्हर्जनमध्ये तर डेटाबेसचा पासवर्ड सुद्धा दिसायचा. म्हणून खऱ्या सर्वरवर डिस्प्ले एरर्स, म्हणजे एरर पानावर दाखवायची सेटिंग, बंदच ठेवायची असते. बोंब कुठं आहे, तर लोकांपासनं लपवताना आम्ही ती स्वतःपासनं पण लपवतो. दाखवणं बंद केलं तर लिहिणं चालू आहे ना हे बघायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं कुणी देत नाही, कारण त्या दिवशी साइट चालत असते आणि गिऱ्हाईक खूश असतं.

लारावेलचं अजून एक सांगतो कारण माझ्याकडे शिकायला येणारी पोरं इथं हमखास अडकतात. लारावेल आपली नोंद स्टोरेज फोल्डरच्या आत लॉग्ज मध्ये लारावेल डॉट लॉग या फाइलीत लिहितो. आता त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच वेबसर्वरला नसेल तर? एरर येते, ती लिहायला जातो, लिहिता येत नाही म्हणून दुसरी एरर येते, आणि दोन्ही गिळून कोरं पान. बऱ्याचदा होतं काय की पोरगं सर्वरवर रूट, म्हणजे सर्वरचा मुख्य मालक, म्हणून लॉगिन करून लारावेलच्या आर्टिसनची एखादी कमांड चालवतं, त्यात लॉगची फाइल रूटच्या नावानं तयार होते आणि मग बिचारा वेबसर्वर तिला हात लावू शकत नाही. काल चालत होतं, आज बंद, आणि पोरगं म्हणतं मी काहीच बदललं नाही सर. मग कुठंतरी वाचून सगळ्या फोल्डरला ७७७, म्हणजे कुणीही येऊन काहीही लिहावं अशी परवानगी देतं, म्हणजे घराची किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवलं. स्टोरेज आणि बूटस्ट्रॅपच्या आतलं कॅश हे दोन फोल्डर वेबसर्वरच्या मालकीचे करा, संपलं.

विंडोजच्या लॅपटॉपवर चालतं आणि सर्वरवर कोरं, हे पण रोजचंच. विंडोजला फाइलीच्या नावात मोठं अक्षर काय आणि लहान काय, सगळं सारखं, लिनक्सला नाही. हल्ली मी पोरांना पहिला प्रश्न हाच विचारतो आणि निम्मी वेळ तिथंच मिटते. मार्च एंडिंगला अजून एक प्रकार येतो, वर्षभराचा रिपोर्ट मागितला की पान कोरं, एका महिन्याचा मागितला की येतो. लॉगमध्ये १३४२१७७२८ बाइट संपले असं लिहिलेलं असतं, एवढा मोठा आकडा बघून लोक घाबरतात, ते नुसते १२८ एमबी आहेत, पीएचपीच्या एका पानाला मुळात दिलेली मेमरी. ती वाढवता येते पण खरं औषध म्हणजे वर्षाच्या सगळ्या नोंदी एकदम पोटात घ्यायच्याच नाहीत, थोड्या थोड्या घ्यायच्या.

आता तालुक्यांचं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, अंगावर आलं तेव्हा कळलं.

पतसंस्थेचं काम दुसऱ्या एका माणसानं केलेलं होतं, तो पुण्याला गेला म्हणून माझ्याकडे आलं. सभासदांची यादी तालुक्यानुसार बघायचं एक पान होतं. तक्रार अशी की बार्शी निवडलं तर यादी येते, मोहोळ येते, माढा येते, करमाळा येते. सोलापूर निवडलं की कोरं. पंढरपूर कोरं, अक्कलकोट कोरं, सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, सगळे कोरे. मॅनेजर साहेबांचा संशय असा की ज्या तालुक्यात थकबाकी जास्त आहे तिथल्या कुणीतरी मुद्दाम केलंय, आणि ते गंभीरपणे म्हणत होते, हसायची सोय नव्हती. आणि इथं जॉबर मामांचा उपाय पण चालेना, कारण लॉग खरंच रिकामा होता. पीएचपीचा रिकामा, फ्रेमवर्कचा रिकामा. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून नेटवर्क नावाच्या भागात बघितलं तर स्टेटस २००, म्हणजे सर्वरच्या मते सगळं झक्कास. उत्तराची लांबी मात्र शून्य.

दोन दिवस डोकं लावलं. शेवटी रात्री जेवताना, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, भाकरीचे तुकडे मोडता मोडता मनात नावांची अक्षरं मोजली आणि हात तसाच थांबला. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्त सुद्धा वेगळा मोजतात. सोलापूर म्हणजे स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र, झाली ७ चिन्हं, २१ बाइट. आधीच्या माणसानं पावतीच्या प्रिंटरवर जागा कमी म्हणून तालुक्याचं नाव २० वर कापलं होतं, सबस्ट्र नावाचं फंक्शन वापरून, आणि सबस्ट्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. म्हणजे सोलापूरचा र अर्धा कापला गेला, तीन बाइटातले दोन राहिले, एक गेला. पुढं ही यादी जेसॉन एन्कोड मधनं, म्हणजे ब्राउझरला पाठवायच्या साच्यात बसवणाऱ्या फंक्शनमधनं, जाते, आणि त्याला यादीत कुठंही एक तुटकं अक्षर सापडलं की ते तेवढ्यापुरतं सोडून देत नाही, सगळी यादीच नाकारतं आणि उत्तर म्हणून फॉल्स, म्हणजे ‘नाही’, देतं, आणि फॉल्स छापलं तर पानावर काहीच छापत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

आता परत तालुके मोजा, बोटांवर मोजता येतील. बार्शी ६ चिन्हं, १८ बाइट, २० च्या आत, वाचला. करमाळा ६, वाचला. मोहोळ ५, माढा ४, वाचले. पंढरपूर ७, सांगोला ७, माळशिरस ७, अक्कलकोट ८, मंगळवेढा ८, सगळे २० च्या पुढं, सगळ्यांचं सातवं चिन्ह मधनं कापलं गेलं. त्यानं २० च्या ऐवजी २१ लिहिलं असतं तर सोलापूर, पंढरपूर व्यवस्थित आले असते, फक्त मंगळवेढ्याचा काना आणि अक्कलकोटचा ट गुपचूप गेला असता आणि पान कोरं झालंच नसतं, वर्षानुवर्षं पावतीवर अक्कलको छापत राहिलं असतं. सबस्ट्रच्या आधी एमबी लावून एमबी सबस्ट्र केलं, ते अक्षरं मोजतं, प्रश्न मिटला. शिवाय पीएचपी ७.३ पासनं जेसॉन एन्कोडला सांगता येतं की जमलं नाही तर गप्प बसू नको, ओरड, ते पण लावून टाकलं. मॅनेजर साहेबांना सगळं समजावून सांगितलं, ते म्हणाले म्हणजे थकबाकीदारांचा संबंध नाही? नाही म्हणालो. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

माझं म्हणणं असं की हे टेस्टिंगला सापडायला पाहिजे होतं, पण टेस्टिंगला आम्ही नाव काय टाकतो, टेस्ट, एबीसी, ए एस डी एफ. इंग्रजीत Solapur टाइप केलं की ७ बाइट, कुठंच काही तुटत नाही. सोलापुरात बसून सोलापूरकरांसाठी केलेलं सॉफ्टवेअर आम्ही सोलापूर हा शब्द मराठीत एकदा टाइप करून बघत नाही. हल्ली माझ्या खोलीत भिंतीवर कागद लावलाय, त्यावर तीन नावं आहेत, मंगळवेढा, अक्कलकोट आणि एक भलं मोठं तेलुगू आडनाव, आपल्याकडे पूर्व भागात अशी आडनावं घरोघर आहेत. प्रत्येक फॉर्म या तीन नावांनी भरून बघायचा, मगच गिऱ्हाइकाला द्यायचा.

आता आत्याच्या फॉर्मकडे येतो. तिथं पण मराठीचाच घोळ होता पण वेगळा, आणि हा तुमच्या वाचकांच्या रोज उपयोगाचा आहे. फॉर्म होता पूर्ण इंग्रजीत. नातीनं मोबाईलवर क्रोममध्ये भाषांतर चालू केलं, मराठी. आजीला कळावं म्हणून, चांगला विचार. पहिलं पान छान मराठीत आलं, जिल्हा निवडला, तालुका निवडायला गेली आणि सगळं पांढरं. मी फोनवर सांगितलं भाषांतर बंद कर, मूळ भाषा ठेव, पान परत उघड. फॉर्म शेवटपर्यंत गेला. त्या दिवशी किती घरात असं झालं असेल कुणास ठाऊक, आणि सगळे म्हणाले सर्वर डाऊन.

होतं असं की आजकाल बरेच फॉर्म रिअॅक्टसारख्या लायब्ररीवर चालतात. सर्वर पाठवतो ते पान जवळपास रिकामंच असतं, एक मोकळा डबा, आणि तो भरायचं काम तुमच्या मोबाईलवरची जावास्क्रिप्ट करते, कुठला शब्द कुठं ठेवलाय याचा हिशोब तिच्याकडे असतो. क्रोमचं भाषांतर मधनंच येऊन ते शब्द उचलतं आणि त्यांच्या जागी आपले गुंडाळलेले मराठी शब्द ठेवतं. मग तुम्ही तालुका बदलला की रिअॅक्ट जुना शब्द काढायला जातो, तो जागेवर नाही, झाली एरर. आणि २०१७ मध्ये आलेल्या रिअॅक्ट १६ पासनं नियमच असा आहे की चित्र काढताना एरर आली आणि ती कुणी पकडली नाही तर अर्धवट चुकीचं चित्र दाखवण्यापेक्षा सगळंच पुसून टाकायचं. म्हणून एका शब्दासाठी अख्खं पान पांढरं. त्यांच्या बाजूनं विचार केला तर बरोबर आहे, अर्धा चुकीचा आकडा दिसण्यापेक्षा काहीच न दिसलेलं बरं, पण एरर बाउंड्री नावाची सोय त्यांनीच सोबत दिलीय, ती लावली तर कोऱ्या पानाच्या जागी निदान दोन ओळी तरी दिसतात. बनवणारे लावत नाहीत. आणि मुळात फॉर्म मराठीत दिला असता तर नातीला भाषांतर लावायची वेळच आली नसती, हा राग मी गिळायचं ठरवलं होतं पण आता लिहिला गेला.

कॅश क्लिअर करा या सल्ल्याला मी वर नावं ठेवली पण तो अगदीच खोटा नाही, एका ठिकाणी चालतो. साइटचं नवीन व्हर्जन टाकलं की जावास्क्रिप्टच्या फाइलींची नावं बदलतात आणि जुन्या काढून टाकतात. तुमच्या ब्राउझरनं जुनं मुख्य पान जपून ठेवलेलं असेल तर ते जुन्याच नावानं फाइल मागतं, सर्वर ती नाही म्हणून तिच्या जागी एचटीएमएलचं पान पाठवतो, ब्राउझरला जावास्क्रिप्ट पाहिजे होती, तो कन्सोलमध्ये, म्हणजे एफ १२ दाबल्यावर दिसणाऱ्या त्याच्या चुकांच्या खिडकीत, लाल ओळ लिहितो, अनएक्स्पेक्टेड टोकन आणि पुढं लेस दॅनचं < हे चिन्ह, आणि पान कोरं. इथं कॅश साफ केली की खरंच चालतं. पण बाकीच्या नऊ ठिकाणी तोच सल्ला दिला की लोक कॅशसोबत कुकीज पण पुसून टाकतात आणि चालू असलेली लॉगिनं तेवढी जातात.

सामान्य माणसानं काय करायचं? कोडिंग शिकायची गरज नाही. कोरं पान आलं की पहिलं घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. लॉगमध्ये हजारो ओळी असतात, त्यातली तुमची ओळ वेळेवरनं सापडते. (हे बनवणाऱ्यांसाठी, बऱ्याच फ्रेमवर्कची घड्याळं मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, गिऱ्हाईक अडीच म्हणालं तर लॉगमध्ये सकाळचे नऊ बघा, मी एकदा यात अख्खी दुपार घालवलीय.) मग वर पत्त्याच्या पट्टीसकट फोटो काढा, नुसत्या पांढऱ्या पडद्याचा फोटो पाठवू नका, लोक खरंच पाठवतात, मला आजवर आलेले पांढरे फोटो जोडले तर चादर होईल. भाषांतर बंद करा, एकदा इनकॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडून बघा. कॉम्प्युटर असेल तर कंट्रोल यू दाबा, सर्वरनं पाठवलेला मूळ मजकूर दिसतो, तिथं पण काहीच नसेल तर दोष सर्वरकडचा, आणि तिथं थोडंफार का होईना लिहिलेलं असून पान कोरं असेल तर ब्राउझरमध्ये काहीतरी अडलंय, मग एफ १२ दाबून कन्सोलमधल्या लाल ओळीचा फोटो. एवढं पाठवलंत तर दुरुस्त करणारा माणूस तुमच्या पाया पडेल.

आणि पैसे भरताना पान कोरं झालं तर लगेच परत भरू नका. पैसे कापले जाणं आणि पावतीचं पान दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलं होऊन दुसरं अडलेलं असू शकतं. बँकेचा मेसेज बघा, व्यवहाराचा नंबर लिहून घ्या, पुन्हा लॉगिन करून स्थिती बघा. आमच्या गल्लीत एकानं लाईटबिल अशा घाईत तीनदा भरलं, जादाचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले, पण महिनाभर घरात रोज तोच विषय होता.

बनवणाऱ्यांना, म्हणजे मला आणि माझ्या भावकीला, एवढंच म्हणायचंय की कोऱ्या पानाच्या जागी मराठीत दोन ओळी ठेवा, आमच्याकडून चूक झालीय, हा नंबर कळवा, आणि तोच नंबर लॉगमध्ये त्या एररसमोर लिहा. फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही हे मला माहीत आहे, पण सोमवारी सकाळी गेटवर ट्रक उभा असताना ते पैसे वसूल होतात.

आणि तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी वार्ताहराला लोकांना एक प्रश्न जास्तीचा विचारायला सांगा, पडद्यावर नक्की काय दिसलं. काहीजण सांगतील पान उघडलंच नाही, काहीजण सांगतील ५०३ आलं, काहीजण आत्यासारखं सांगतील उघडलंय पण दिसंना. या तीन वेगवेगळ्या बातम्या आहेत. सर्वर डाऊन लिहिलं की उत्तर द्यायला बसलेल्या साहेबाला फार सोपं जातं, लोड जास्त आला म्हणतात आणि मुदत दोन दिवस वाढवतात, आणि मग त्या दोन दिवसात पण भाषांतर लावणाऱ्या प्रत्येकाचं पान पांढरंच होत राहतं.

कळावे,
आपला एक वाचक,
जुळे सोलापूर

ता. क. : तुमच्या ई-पेपरचं पान क्रमांक ५ आज सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी माझ्याकडे कोरं आलं. १ ते ४ दिसतात. क्रोम, लॅपटॉप, भाषांतर बंद, इनकॉग्निटोत मात्र पाचवं पण दिसतं. कन्सोलमध्ये लाल ओळ आहे, अनएक्स्पेक्टेड टोकन आणि पुढं लेस दॅनचं चिन्ह. काल रात्री नवीन व्हर्जन टाकलं असणार. तुमच्या वेबवाल्या पोराला एवढं दाखवा, त्याला कळेल.